राखणीचे तात्या

उजनीचं पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला, उसात रानडुक्कर दडलं आणि त्याच्यामागून सोलापूर जिल्ह्यात गावोगाव एकेक तात्या तयार झाले. नावं वेगळी, सामान तेच : सोलापुरी चादर, बॅटरी, काठी आणि ठाम मत.

१९७२च्या कायद्यामुळे डुक्कर परवानगीशिवाय मारता येत नाही, त्यामुळे तात्यांची सगळी कला हाकलण्यात खर्च होते. न्हाव्याकडचे केस पोत्यानं आणून बांधावर पसरले. जुन्या साड्या शेताभोवती बांधल्या. त्यात काकूंची ठेवणीतली इरकलही गेली. डुक्कर दोन रात्री बिचकलं, काकू अजून बोलत नाहीत. मग स्वतःचाच आरडाओरडा रेकॉर्ड करून भोंग्यावर लावला. चार दिवसांनी कळप भोंग्याखालीच भुईमूग उकरत होता. "वळखीचा आवाज पडला, काय करतंय ते तरी," तात्या म्हणाले.

शत्रूबद्दल त्यांना आदरच जास्त. "कळप माद्यांचा अन् पिलांचा. नर वयात आला की एकटाच रानात हिंडतोय." तात्या स्वतः सुगीभर रानातच झोपतात, हा मुद्दा त्यांच्यासमोर कुणी काढत नाही.

नातवानं मोबाईलवर आफ्रिकेतला वार्टहॉग दाखवला. तोंडावर चामखिळी, पळताना शेपूट अँटेनासारखं उभं. दिवसा चरतो, तेही पुढचे गुडघे टेकून. रात्री आर्डवार्कनं खणलेल्या बिळात मागच्या मागं शिरतो, म्हणजे सुळे दाराकडं राहतात. तात्यांनी चष्मा लावून दोनदा पाहिलं.

"दिवसा चरतंय? म्हंजे राखण्याला रातची झोप! गुडघं टेकून खातंय, म्हंजे वळण हाय. आपलं कुणाफुडं वाकलंय का कधी?" बिळाचं ऐकून मात्र ते गंभीर झाले. "आयती जागा धरायची अन् दाराकडं तोंड करून बसायचं? लगा, ह्येला कारखान्यावर संचालक करा!"

तात्यांचा खरा सण पंचनाम्याचा. वनरक्षक, कृषी सहायक, तलाठी बांधावर उभे. तात्या उकिडवे बसून चिखलातला माग दाखवणार. पुढं दोन मोठी खुरं, मागं दोन बारीक टोचे. कड बोटानं चाचपून ते वेळसुद्धा सांगतात, "साडेतीन. तीन माद्या, मागं पट्ट्याची पिलं." कुठून शिरली, कुठं लोळली, कोणत्या सरीत ऊस मोडला, सगळं तोंडपाठ.

एवढ्यात एखादा नवखा साहेब विचारतो, "आणि तुम्ही कुठं होता तेव्हा?"

तात्या पोराला चहा आणायला पिटाळतात.