जिभाऊंचे नादब्रह्म

मोटारींची तुलना केल्यावाचून ज्याला अन्न गोड लागत नाही असा एकही गृहस्थ आपल्या परिचयात नाही, असे सांगणारा मनुष्य एक तर अरण्यात राहत असला पाहिजे किंवा तो गृहस्थ तो स्वतःच असला पाहिजे. आणि अरण्याचाही आता भरवसा उरलेला नाही, कारण तोरणमाळच्या यशवंत तलावाकाठी घटकाभर निवांत बसावे म्हणून गेलेल्या माणसाच्या पाठीमागेही ‘हिचा ग्राउंड क्लिअरन्स किती हो?’ हा प्रश्न येऊन उभा राहतो. तेव्हा या इसमाचे नखशिखान्त वर्णन करण्याची तसदी मी घेत नाही. आमच्या शहाद्यात त्यांना जिभाऊ म्हणतात, त्यांचे खते-बियाणांचे दुकान आहे, आणि दुकानासमोरच्या बाकावर दिवेलागणीनंतर जी कचेरी भरते तिच्यात युरियाची टंचाई वगळता बाकी सर्व विषयांचा, म्हणजे मोटारींचा, फैसला होतो.

पपईचा पैसा नुकताच हाती आलेला एखादा शेतकरी या कचेरीपुढे अर्जदार म्हणून उभा राहतो. छोटी एसयूव्ही घ्यायची आहे, कोणती घेऊ, एवढाच त्याचा साधा अर्ज. टाटा पक्षाचा वकील तत्काळ नेक्सॉनचे २०९ मिलिमीटर आणि २०१८ साली ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिने पटकावलेले पाच तारे, तेही भारतात बनलेल्या गाडीला मिळालेले पहिलेच, पुराव्यादाखल हजर करतो. मारुती पक्ष ब्रेझाच्या १९८ मिलिमीटरवर मुद्देमाल दाखल करून ‘ते सगळं खरं, पण किती देते?’ हा आपला सनातन प्रश्न पुढे ठेवतो. कोरियन पक्ष छतातली काच उघडून आकाश दाखवू लागतो. आणि चाकणच्या कारखान्यातून निघालेल्या कुशाकचे १८८ मिलिमीटर घेऊन आलेला नवशिक्या वकील, मिलिमीटरांचा विषय निघताच, इंजिनाच्या ताकदीकडे वळतो. या सर्व जबान्या होईपर्यंत जिभाऊ डोळे मिटून बसलेले असतात. मग ते एक डोळा उघडतात आणि म्हणतात, ‘दार लावून पाहिलं का?’

येथून पुढे कामकाज तहकूब झालेच म्हणून समजावे.

मोटारीची परीक्षा तिच्या दाराच्या आवाजावरून करावी, हा जिभाऊंचा सिद्धान्त आहे. इंजिन, ब्रेक, किंमत या गोष्टी त्यांच्या मते प्रापंचिकांसाठी आहेत. धुळ्याच्या एका शोरूममध्ये त्यांच्यासमवेत जाण्याचा योग मला आला होता. विक्रीवरचा मुलगा पडद्यावर नकाशा कसा दिसतो ते समजावून सांगत असताना जिभाऊंनी प्रथम एक काच चार बोटे खाली केली, कारण सर्व काचा बंद असल्या म्हणजे आतली कोंडलेली हवा दाराला अडवते आणि नाद अशुद्ध होतो. मग दार वीतभर उघडून, तळहाताने नव्हे, दोनच बोटांनी ते ढकलले आणि मान किंचित कलती केली. ‘आयक!’ ते मला म्हणाले. मी ऐकले. मला दार लागल्याचे ऐकू आले. ‘धप्प आला का टण्ण आला?’ या प्रश्नाला मी सभ्यपणाने ‘धप्प’ असे उत्तर दिले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिले. ‘टण्ण, गुरुजी, टण्ण. पत्रा शे, पत्रा!’ त्यानंतर उरलेली तीन दारे, डिकी, बॉनेट आणि पेट्रोलच्या तोंडावरचे झाकण यांचीही रुजुवात झाली, आणि तो मुलगा निमूटपणे पडदा बंद करून चहा सांगायला निघून गेला.

हा व्यासंग मोटारींपुरता राहिला असता तर कोणाचीच हरकत नव्हती. परंतु एकदा नादाची चटक लागलेल्या माणसाला जगातील यच्चयावत दारे बोलावू लागतात. पुतण्यासाठी स्थळ पाहायला गेले असता मुलीच्या वडिलांनी लेकीला द्यावयाचे कपाट मोठ्या अभिमानाने दाखवले. जिभाऊंनी ते उघडले, दोन बोटांनी लावले, आणि ‘आवाज पोकळ येतोय’ असा अभिप्राय देऊन एक जमत आलेली सोयरीक पंधरवडाभर लोंबकळत ठेवली. त्यांच्या चुलतभावाच्या पोटात मध्यरात्री कळा सुरू झाल्या आणि १०८ ची गाडी अंगणात आली, तेव्हा रुग्णाला आत चढवण्यापूर्वी मागचे दार दोनदा उघडून लावल्याचा इन्कार ते स्वतःही करीत नाहीत. दुसऱ्यांदा पाहणे भाग होते, कारण पहिल्या वेळी चुलतभाऊ ओरडत होता. एसटीच्या लाल गाडीविषयी मात्र त्यांना अपार आदर आहे: कंडक्टर जे दार लावतो त्याचा आवाज सुरेल नसेल, पण त्यात खोटेपणा नाही, असे ते म्हणतात. आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत, जिथे पिढ्यान्‌पिढ्या लोक घोड्याचे दात पाहतात, खूर पाहतात, छातीवरचे भोवरे तपासतात, तिथे एका पांढऱ्याशुभ्र घोड्याभोवती जिभाऊंनी दोन प्रदक्षिणा घातल्या आणि त्यांचा उजवा हात, दोन बोटे पुढे काढून, घोड्याच्या बरगडीकडे असा काही सरकला की व्यापाऱ्याने लगाम आवरून अत्यंत अदबीने सांगितले, ‘शेठ, याला दार नाही.’

स्वतः जिभाऊंकडे कोणती गाडी आहे, हे विचारण्याचे धाडस नवखा मनुष्यच करतो. त्यांच्याकडे टाटांनी २००४ साली बाजारात आणलेली इंडिगो मारिना आहे, म्हणजे स्टेशन वॅगन: पुढून मोटार, मागून लांबलचक कोठी. ती पाहून गल्लीतली पोरे ‘ॲम्ब्युलन्स, ॲम्ब्युलन्स’ करीत धावतात. वॅगन ही मोटारींमधील एकमेव विद्वान जात, असे जिभाऊंचे मत आहे. तिच्यात संसार मावतो, ती जमिनीला धरून चालते आणि वळणावर डोलत नाही. १९९४ साली व्होल्वोने ८५० मालिकेतील वॅगन ब्रिटनच्या टूरिंग कारच्या शर्यतीत उतरवली आणि ऑडीने पोर्शच्या मदतीने आरएस-२ ही वॅगन बनवली, या दोन घटना ते अशा स्वरात सांगतात की ऐकणाऱ्याने हात जोडावेत. या देशात मात्र वॅगनचे नशीब फुटके. १९९२ ची टाटा इस्टेट गेली, कोर्सा स्विंग गेली, बलेनो अल्टुरा गेली, मारिना गेली. सुबारूने घडवलेली आणि शेवरोलेच्या नावाने आलेली फॉरेस्टरही आली तशी गेली. याचे खापर ते २००६ सालच्या अर्थसंकल्पावर फोडतात. त्या साली सरकारने चार मीटरची रेषा ओढली, तिच्या आत बसणाऱ्या लहान इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत दिली, आणि त्या रेषेपायी दोनच वर्षांत टाटांनी आपल्या इंडिगोची शेपटी छाटून तिची सीएस केली. अल्टुरा आणि स्विंग त्या रेषेआधीच मरणपंथाला लागल्या होत्या, हे त्यांना कोणी सांगू नये; मी एकदा सांगितले, तेव्हा त्यांनी मला उधारीच्या वहीतील माझे पान उघडून दाखवले.

आता न्यायाने बोलायचे तर जिभाऊंपेक्षा त्यांच्या बाकावरची मंडळी अधिक हास्यास्पद आहेत. छोट्या एसयूव्हीच्या जाहिरातपत्रिकेत डोंगर, धुके, खडकाळ ओढा आणि त्यातून उसळत जाणारी गाडी छापलेली असते. आणि ती पत्रिका हातात धरून बसलेल्या या लोकांच्या पाठीशी खराखुरा सातपुडा उभा असतो, त्याच्याकडे कोणी मान वळवूनही पाहत नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून फुटून आमचा जिल्हा निराळा झाला. पुढे ‘एमएच ३९’ ही अक्षरे पाटीवर मिरवण्यात आम्हांला केवढे भूषण वाटले! पण ती अक्षरे लावून २०९ मिलिमीटरच्या गाड्या जातात त्या लग्नाला आणि सुरतेला कापड घ्यायला. अक्राणीच्या घाटात बाभळीचा ओरखडा उठेल या भीतीने त्या चढत नाहीत. तो डोंगर रोज चढतात त्या धडगावकडच्या जुनाट जीपा, आत माणसे, टपावर माणसे, मागच्या पायरीवर माणसे, आणि त्यांच्या ग्राउंड क्लिअरन्सची चौकशी आजतागायत कोणी केलेली नाही. जिथे त्याही पोचत नाहीत तिथे आजारी माणूस बांबूच्या झोळीतून खाली येतो. हा विषय बाकावर निघत नाही. निघाला तर लगेच सनरूफचा निघतो.

त्या बाजूचाच एक पावरा तरुण एके दिवशी दुकानात आला. गुजरातेत ऊसतोडीला जाऊन गाठीला बांधलेले पैसे त्याच्यापाशी होते, प्रवासी वाहतुकीसाठी एक जुनी जीप त्याला शहाद्यातच कोणी देऊ केली होती, आणि ‘शेठ, जरा बघून द्या’ एवढेच त्याचे मागणे होते. आता दाराची परीक्षा, म्हणून मीही मागोमाग गेलो. जीप नव्या रंगाने चकाकत होती. विकणाऱ्या गृहस्थाला जिभाऊंची कीर्ती ठाऊक असावी, कारण त्याने आपण होऊन दार लावून दाखवले, आणि मी शपथेवर सांगतो, इतका गंभीर, भरदार, तुपात तळल्यासारखा धप्प मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. मी जिभाऊंकडे पाहिले. त्यांनी मान कलती केली नाही. त्यांनी सदरा काढून माझ्या हातात दिला आणि बनियनवर, बॅटरी व पाना घेऊन, ते जीपखाली शिरले.

खालून बराच वेळ पान्याचा ठक ठक आवाज येत होता. एका जागी ठक आला, दुसऱ्या जागी भद्द. बाहेर आले ते कपाळाला काळे फासलेल्या अवस्थेत. चेसिस दोन ठिकाणी जोडलेली, वेल्डिंगवर लांबी भरून वरून रंग, पाटे थकलेले, इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण काढले तर त्यातून चिलमीसारखा धूर. ‘घेऊ नको,’ ते त्या पोराला म्हणाले. विकणारा रागावला, तो जिभाऊंचा जुना, नगदी गिऱ्हाईक, दर हंगामाला ट्रॅक्टरभर माल उचलणारा, पुन्हा कधी तो दुकानाची पायरी चढला नाही. मी वाटेत विचारले की दाराचे काय, आवाज तर अव्वल होता. ‘दाराचा आवाज ऐकणं हा आपला शौक शे, गुरुजी,’ जिभाऊ सदऱ्याची बटणे लावीत म्हणाले, ‘त्याला घाटातून माणसं न्यायची शेत.’ आणि पुढच्याच श्वासाला त्यांनी ऑक्टाविया कॉम्बी या वॅगनचा विषय काढला, त्यामुळे त्यांच्याविषयी नुकताच वाटू लागलेला आदर मला जागच्या जागी आवरता घ्यावा लागला.

त्या तरुणाने पुढे दुसरी जीप घेतली, जिभाऊंनीच शोधून दिलेली. चेसिस निर्दोष, इंजिन खणखणीत, दिसायला अगदी दरिद्री. मारिनाचे पोट गतिरोधकालाही घासत असल्यामुळे धडगावकडची उधारी वसूल करायला जिभाऊ आताशा त्या जीपमधूनच जातात, आणि मानाची पुढची जागा त्यांना मिळते. त्या बाजूच्या दाराची कडी केव्हाच गेलेली असल्याने ते लागत नाही, वाजत नाही, सुतळीने बांधलेले असते. घाटाच्या प्रत्येक वळणावर जिभाऊ ते दोन्ही हातांनी आवळून धरतात आणि मान मागे वळवून, कॉम्बीच्या मागच्या सीटा आडव्या केल्या म्हणजे डिकी किती लिटर होते, ते कोंबलेल्या मंडळींना समजावीत राहतात. परवा हिशेब संपल्यावर मागून, मांडीवर पाटी घेऊन बसलेल्या एका म्हातारीने शंका काढली: कोंबड्या धरून, की कोंबड्या सोडून?