बोर्डी ते त्र्यंबक : एकट्याने सायकलवर जाण्याची शास्त्रोक्त पद्धत

कलम 1 : हेतू आणि पात्रता

युरोपच्या डोंगराळ मुलखात आठ-आठ दिवस एकट्याने सायकल चालवणाऱ्यांचे व्हिडिओ रात्री दीड वाजता पाहून ज्यांचा जीव कासावीस होतो, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. व्हिसा, सायकल खोक्यात घालून विमानाने नेण्याचे भाडे आणि तिथल्या एका कॉफीची किंमत यांची बेरीज केली की अशी माणसे मोबाईल उशाशी ठेवून कूस बदलतात. त्यांनी निराश होऊ नये. बोर्डीच्या सुरूच्या बनातून निघावे आणि डहाणू, कासा, विक्रमगड, जव्हार, मोखाडा असे करीत त्र्यंबकेश्वरास पोचावे. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर, मधले उतार धरल्यास चढ त्याहून बराच जास्त.

सराईत माणूस एवढे अंतर एका दिवसात कापतो. प्रस्तुत पद्धतीत तीन दिवस धरले आहेत. एक दिवस सायकल चालवण्यासाठी आणि दोन दिवस लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यासाठी.

कलम 2 : घरून परवानगी

परवानगी जेवणानंतर मागावी आणि सोबत दाखले तयार ठेवावेत. ऑक्टोबर 1923 मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी 1928 मध्ये सुमारे 71 हजार किलोमीटरची फेरी पुरी केली. 1924 मध्ये फ्रामरोझ दावर एकटेच निघाले, सहारा आणि अँडीज पार करून 1931 मध्ये परतले. मात्र व्हिएन्नात त्यांना एक ऑस्ट्रियन सोबती मिळाला, म्हणजे एकटे राहणे त्यांनाही पुरते जमले नाही, हे घरी सांगण्याची गरज नाही.

अलीकडचा दाखला हवा असल्यास पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचा द्यावा. तिने विसाव्या वर्षी, 2018 मध्ये, 159 दिवसांत सुमारे 29 हजार किलोमीटर सायकल चालवून जगाला फेरी घातली. तिला कॅनडात अस्वल दिसले आणि स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लुटले गेले, हा तपशील आईसमोर वगळावा. "विक्रमगडला अस्वल नाही" असे आपण होऊन सांगू नये. तिथूनच शंकेला सुरुवात होते.

कलम 3 : सायकल, सामान आणि वेश

टायर फार बारीक नसावा. 25 मिलिमीटरचा टायर गुळगुळीत युरोपीय डांबरासाठी बनवलेला असतो. आपल्याकडे डांबर आणि खड्डे एकमेकांना सांभाळून राहतात, म्हणून निदान 32 मिलिमीटर घ्यावा. ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक तोंडाचा, म्हणजे प्रेस्टा असेल, तर सोबत त्याचे पितळी बूच, अर्थात अ‍ॅडॅप्टर, न विसरता घ्यावे. ते नसल्यास पंक्चरवाला व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंनी पाहतो, चहा पीत असलेल्या मित्राला बोलावून दाखवतो आणि "हे आपल्याकडचं नाही" असा निकाल देतो.

गादी लावलेली घट्ट चड्डी सायकलवर अत्यावश्यक आणि सायकलवरून उतरल्यावर अशक्य असते. वरून घालायला एक साधी सैल पँट पिशवीत ठेवावी. अन्यथा चहाच्या टपरीवरचे आजोबा सौम्यपणे विचारतात, "पँट घरी राहिली का?"

सायकलची खरी किंमत कोणालाही सांगू नये. एक शून्य कमी करून सांगावी. त्यावरही "एवढ्यात जुनी मोटारसायकल येते" असे ऐकावे लागते, पण निदान ते खरे असते.

कलम 4 : पहिला दिवस, आणि इतिहासाचा उपयोग

ओहोटीच्या वेळी बोर्डीचा समुद्र इतका मागे जातो की चाक पाण्यात बुडवून फोटो काढण्याच्या नादात अर्धा तास जातो. चाक ओल्या वाळूत टेकवावे आणि निघावे. खारे पाणी चेनला लागू देऊ नये.

न्याहारी मुक्कामाच्या घरीच होते, विचारले जात नाही. यजमान इराणी किंवा पारशी असतील तर अकुरी आणि पाव समोर येतो, नंतर आणखी पाव येतो. नको म्हणणे हा उपाय या भागात लागू पडत नाही. निघताना चिकू दिले जातात. घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा नाकारणे म्हणजे मानांकनाचाच अवमान. सायकलस्वार युरोपात पाकिटातली गोड पेस्ट चोखतात, तिच्यापेक्षा चिकू सर्वार्थाने सरस. फक्त पिकलेला चिकू जर्सीच्या पाठच्या खिशात ठेवू नये. पहिल्या खड्ड्याला तो फुटतो, दुसऱ्या खड्ड्याला पाठीवर पसरतो आणि वाणगावच्या मुंग्यांनासुद्धा वास लागतो. कच्चे मागून घ्यावेत. त्र्यंबकला ते बरोबर पिकतात.

आता या पद्धतीतले मुख्य तंत्र. चढावर थांबणे ही नामुष्की समजली जाते. परंतु स्थळाचा इतिहास समजून घेण्यासाठी थांबलेल्या माणसाला कोणी हसत नाही. इतिहासाबद्दल आदर असणारा सायकलस्वार कोणत्याही घाटात कितीही वेळ थांबू शकतो. म्हणून प्रत्येक चढाला एक इतिहास पाठ करून ठेवावा.

सराव आदल्या दिवशी करावा. अस्वाली धरणाकडून बारड डोंगर पायी चढावा. संजाण पडल्यानंतर पारशांनी इराणशाह हा पवित्र अग्नी याच डोंगरावरच्या बहरोटच्या गुंफांमध्ये बारा वर्षे जपला, अशी त्यांची परंपरा सांगते. तिथे बसून मांड्या चोळाव्यात.

पहिला खरा चढ कोसबाडच्या टेकडीचा. वाट किंचित वाकडी करावी लागते, पण करावी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. गुरे राखणारी वारली मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून या बायकांनी शाळाच कुरणात नेली. ही कुरणशाळेची हकीकत पुरती आठवेपर्यंत नाडी शंभराच्या खाली येते. हुशार माणूस ताराबाईंपाशीच एक श्वास घेतो आणि अनुताईंना पुढच्या वळणासाठी राखून ठेवतो.

पुढे बुलेट ट्रेनच्या खांबांपाशी जरूर थांबावे. ताशी तीनशे किलोमीटरसाठी उभ्या केलेल्या खांबाशेजारी ताशी अकराने जाताना मन फार शांत होते. चारोटीला राष्ट्रीय महामार्ग 48 लागतो. तो फक्त ओलांडायचा आहे. त्यावरून तलासरीकडे "थोडंसं जाऊन येऊ" असे म्हणणाऱ्याने आधी दापचरीकडून येणाऱ्या ट्रेलरची लांबी मोजावी. विवळवेढ्याची महालक्ष्मी जवळच आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेचे दिवस असतील तर सायकल हातात धरून चालावे आणि वेळेचा हिशेब सोडून द्यावा.

कलम 5 : घाट चढण्याची रीत

फ्रान्समधल्या आल्प द्युएझच्या घाटात 21 वळणे आहेत आणि प्रत्येकावर क्रमांकाची पाटी आहे. खालून वर जाताना क्रमांक कमी होत जातात, म्हणजे दुःख किती उरले ते कळते. जव्हारच्या घाटात असली सोय नाही. पाट्या आहेत, पण "अपघातप्रवण क्षेत्र" आणि "वेग आवरा" अशा. ताशी सहाच्या गतीने चढताना दुसरी पाटी वाचून समाधान मानावे.

किती चढ उरला हे वाटेतल्या माणसाला विचारू नये. "हे काय, आलंच" हे उत्तर इथून आठ किलोमीटरपर्यंत सर्व अंतरांना दिले जाते. त्यात फसवणूक नाही. सांगणारा रोज ते चालत जातो.

विक्रमगडच्या पुढे, रस्ता नुकताच वर कलू लागलेला असताना, मागून घंटी वाजेल. बाजूला व्हावे. शाळेचा गणवेश घातलेली मुलगी, पायात स्लिपर, मागे कॅरिअरवर मैत्रीण, मैत्रिणीच्या मांडीवर दोघींची दप्तरे. सायकलला गिअर नाही, मागचा मडगार्ड तारेने बांधलेला. ती उभी राहून पायडल मारते, तुमच्या बरोबरीने येते, तुमच्या बावीस गिअरांकडे बघते आणि विचारते, "काका, चेन पडली का?" अशा वेळी "हो" म्हणावे. खाली वाकून चेनला हात लावावा. दोघी वळणाआड गेल्याशिवाय वर पाहू नये.

कलम 6 : प्रश्न आणि मान्य उत्तरे

दर टपरीवर खालील प्रश्न याच क्रमाने येतात.

"एकटेच?" याला "हो" म्हटल्यास चार माणसे हळहळतात आणि कोणीतरी भांडण झाले का ते विचारतो. "मागून येतायत" असे खोटे सांगू नये. टपरीवाला अंधार पडेपर्यंत मागच्यांची वाट बघत बसतो.

"गाडी नाही का?" "आहे, घरी आहे" म्हटल्यास डोक्याविषयी शंका घेतली जाते. "नाही" म्हटल्यास चहाचे पैसे घेतले जात नाहीत. नीतीचा प्रश्न ज्याने त्याने सोडवावा.

"पैज लागली का?" "हो" हे उत्तर सोपे वाटते, पण पुढचा प्रश्न "कितीची?" असा असतो आणि आकडा लहान सांगितला तर तुम्ही उतरता.

"सरकारकडून काही मिळतं का?" नाही म्हणताच सर्वांचा चेहरा पडतो. "फॉर्म भरला नसेल," असा निष्कर्ष निघतो आणि तहसील कचेरीतल्या एका ओळखीच्या माणसाचा नंबर मिळतो. तो घ्यावा.

"पण कशासाठी?" हा मुख्य प्रश्न. आरोग्य, निसर्ग, स्वतःचा शोध ही उत्तरे इथे चालत नाहीत. आरोग्यासाठी शेत आहे, निसर्ग समोरच आहे आणि स्वतःचा शोध घ्यायला बायकोला सांगून निघाला होतात का, असे विचारले जाते. सर्व शंका एका दमात मिटवणारे उत्तर एकच : "त्र्यंबकला."

ते उच्चारताच बाकडे रिकामे होते, पाण्याचा तांब्या येतो. अंगाला कष्ट देऊन रस्त्याने जाण्याचे हे एक कारण आपल्याकडे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी पायी दिंड्या त्र्यंबकला येतात. नाशिकचे सायकलस्वार दरवर्षी पंढरपूरची सायकलवारी करतात, त्यांना कोणी पैज विचारत नाही. हा मार्ग त्र्यंबकला संपवण्यामागचे शास्त्र हेच आहे. याच प्रवासाचे टोक एखाद्या रिसॉर्टला ठेवून पाहावे, म्हणजे फरक कळेल.

कलम 7 : पंक्चर

पंक्चर दुपारी एक ते तीनच्या दरम्यान होते. आपल्याजवळ सुटी ट्यूब, टायर काढायचे प्लॅस्टिकचे पाते आणि पंप असतो, म्हणून आपणच दुरुस्ती करू असे वाटते. टायर अर्धा निघेपर्यंत पाच जण जमतात. सहावा तुमच्या हातून पाते काढून घेतो. हा सहावा माणूस जाणकार असतो, त्याला अडवू नये. तो टायरच्या आतून बोटे फिरवून आधी काटा शोधतो, कारण काटा तसाच ठेवून नवी ट्यूब घालणारे शहाणे त्याने पाहिलेले असतात. मग ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडा पाहतो, जागा पुसून कोरडी करतो, पॉलिश पेपरने घासतो, सोल्यूशन लावून फुंकर घालतो आणि ते किंचित चिकट झाल्यावरच चकती दाबतो. घाई करणाऱ्याची चकती पुढच्या चढाला सुटते. हवा मात्र ट्रकच्या कॉम्प्रेसरने भरू देऊ नये. तो आवाज मोखाड्यापर्यंत ऐकू जातो आणि मग नवी ट्यूब लागते.

कलम 8 : जव्हारचा मुक्काम आणि तिसरा दिवस

जव्हार सुमारे दीड हजार फुटांवर आहे. शेवटच्या चढाला राखून ठेवलेला इतिहास इथे वापरावा : 1664 मध्ये सुरतेला जाताना शिवाजी महाराज इथे शिरपामाळावर थांबले होते. खुद्द महाराज थांबले तिथे आपण थांबण्यात कमीपणा नाही. मुकणे राजांचा जयविलास राजवाडा सायकल लावून पाहावा.

मुक्कामाला पोचताच घरी फोन करून सुखरूप असल्याचे कळवावे. ते त्यांना आधीच माहीत असते. विक्रमगडच्या नाक्यावर बहिणीच्या दिराने पाहिलेले असते, "फार दमलेला दिसत होता" हेही कळवलेले असते.

तिसऱ्या दिवशी मोखाडा आणि तोरंगण घाट. इथे कुत्री मागे लागतात. वेग वाढवू नये, तो तुमच्याकडे नाही. खाली उतरावे, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरून शांतपणे चालावे. चालणाऱ्या माणसात कुत्र्याला रस नसतो. पावसाळ्यात हा घाट सर्वांत देखणा आणि सर्वांत निसरडा असतो, म्हणून नवख्याने नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ धरावा. माथ्याजवळ आलात की ब्रह्मगिरी दिसतो. त्यावर पडलेला पाऊस एका अंगाने अरबी समुद्राला आणि दुसऱ्या अंगाने गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातो. हा शेवटचा इतिहास-भूगोल सावकाश आठवावा.

कलम 9 : परतणे आणि रजा

त्र्यंबकहून नाशिक बहुतेक उताराचे आहे. नाशिकमध्ये सायकलची बढाई मारू नये. 2015 मध्ये अमेरिका आरपार ओलांडणारी शर्यत दोघांत पुरी करणारे डॉक्टर महाजन बंधू याच गावचे. इथे "बोर्डीहून आलो, तीन दिवसांत" म्हटल्यास लोक अदबीने विचारतात, "वाटेत काही काम होतं का?"

राहता राहिली रजा. अर्जात "एकल सायकल सहल" असे लिहू नये. नामंजूर होतो, आणि ऑफिसात चर्चा होते ती वेगळी. "त्र्यंबकेश्वर दर्शन" असे लिहावे. साहेब सही करतात, वर देवापुढे ठेवायला शंभराची नोट देतात. ती नोट वेगळ्या खिशात ठेवावी आणि पंक्चरला मोडू नये. साहेब सोमवारी प्रसाद मागतात, आणि त्या वेळी पिकलेले चिकू पुढे करून भागत नाही.