नेटबंदीरावांस खुले पत्र

रा. रा. नेटबंदीराव यांस,


7 जून 2023 रोजी आपण कोल्हापुरात मुक्कामाला आलात. मोबाइलवरच्या स्टेटसवरून शिवाजी चौकात जमाव जमला, दगड उडाले, लाठ्या चालल्या, अश्रुधूर झाला, आणि मग आपण अवतरलात. दगडाला रेंज लागत नाही, हे आपल्याला कुणी सांगितलं नसावं.

समदृष्टी मात्र घ्यावी तर आपलीच. अफवा पसरवणारा, ‘अफवा आहे, घरात बसा’ असं गल्लीच्या ग्रुपवर बजावणारा आणि खासबागेजवळ क्यूआर कोड लावून बसलेला भेळवाला, तिघांना एकच शिक्षा!

घटनेच्या कलम 19नं विनाशस्त्र, शांतपणे जमायचा हक्क दिला. जमायचं ते चौकातच, असं त्यात कुठं लिहिलंय? संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनं तर 2020 सालीच सांगून टाकलं की ऑनलाइन जमणं हेही जमणंच. त्याच वर्षी 10 जानेवारीला अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आपल्यालाही शिस्त लावली: बेमुदत तळ ठोकायचा नाही आणि आदेश जाहीर करायचा, म्हणजे लोकांना त्याविरुद्ध दाद मागता येईल.

आपले चुलतभाऊ, एफआयआरराव, हातकणंगल्यात असेच धावून गेले होते. 370 कलम हटवल्याची नाराजी आणि पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा, एवढ्या स्टेटसवर एका प्राध्यापकावर गुन्हा नोंदला. तो 7 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला, वर पोलिसांना अभिव्यक्तिस्वातंत्र्य शिकवायची वेळ आलीय, असंही सुनावलं. शिकवणी सुरू झाली का, तेवढं भावाला विचारून कळवा.

आणि 2025चा उन्हाळा सरल्यावर कुठं होता आपण? नांदणी मठाची महादेवी हत्तीण गुजरातेतल्या वनतारा प्राणीकेंद्रात गेली, तर अख्खा जिल्हा फोनवर एकवटला. सह्या झाल्या, लोकांनी वनताराच्या मालक-कंपनीची सिमकार्डं बदलली, ऑगस्टमध्ये नांदणीहून कोल्हापूरच्या कलेक्टर कचेरीपर्यंत मूक पदयात्रा आली. त्यानंतर वनतारावाले नांदणीतच पुनर्वसन केंद्र उभारायची भाषा करू लागले. आपण तेव्हा टॉवरवर बसला असता, तर एवढी माणसं एकमेकांना हाक कशी मारणार होती? गाव तेवढं गप्प बसलं असतं, आणि आपण त्यालाच शांतता म्हणाला असता.

पुन्हा यायचं झालं तर आदेशाची लेखी प्रत बरोबर घेऊन या, राव. 18 ऑगस्ट 2025पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच बसतंय. आपल्याला भेटायला आम्हाला आता मुंबईची गाडी धरावी लागत नाही.

आपला,
एक ग्रुप सदस्य, कोल्हापूर