दोन दिवसांचा निसर्ग

बोरगाव मेघेसारख्या वर्ध्याला चिकटलेल्या वस्तीतल्या पोरांना शनिवार-रविवार बोरच्या जंगलाकाठी न्यायचं: तंबू, शेकोटी, टोपी, वर प्रमाणपत्र. गंमत अशी की १९३७ साली वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि तिनं नेमलेल्या झाकिर हुसेन समितीनं कताई, शेती, सुतारकाम थेट अभ्यासक्रमात घातलं. ते आपण मोडीत काढलं. आता तीच माती पॅकेजात, जेवणासकट, विकत घेतो. कुणी म्हणेल, काहीच नसण्यापेक्षा दोन दिवस बरे. कबूल, दहा बाय दहाच्या खोलीतल्या पोराला चांदण्या दिसल्या तर कुणाचं पोट दुखावं? पण तंबू ठोकताना ‘शाब्बास’ मिळवलेलं तेच पोर सोमवारी नखांत माती घेऊन वर्गात आलं, की पहिली शिक्षा त्यालाच.