बारा सेकंदांची जत्रा

मुंबईच्या उपनगरांत वेगाची आवड असलेली माणसं भरपूर, वेग मात्र कुठेच शिल्लक नाही. संध्याकाळी साडेसहाला अंधेरीहून निघालेली तीनशे हॉर्सपॉवरची गाडी आणि कांद्याचा टेम्पो बोरिवलीला बरोबरच पोचतात. टेम्पो थोडा आधीच, कारण त्याला ओरखड्याची भीती नसते. माझ्या मुलुंडच्या भाच्याने हौसेने गाडीच्या इंजिनाची ताकद वाढवणारं 'रिमॅप' करून घेतलं. तेव्हापासून ती गाडी एलबीएस मार्गावर पहिल्या गिअरमध्ये पूर्वीपेक्षा जास्त आवाज करत उभी राहते.

रात्री दोनला रिकाम्या हायवेवर शर्यती लावणारी पोरं आहेत, पण त्यांचे प्रेक्षक म्हणजे नाकाबंदीचे हवालदार, आणि ते आठवण म्हणून गाडीच ठेवून घेतात. म्हणून भाच्याने कायदेशीर जागा सुचवली. लोणावळ्यापलीकडे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' नावाची ड्रॅग रेस भरते. शेजारी शेजारी दोन गाड्या, समोर सरळ रस्ता, अंतर पाव मैल म्हणजे 402 मीटर. वळण नाही, फेरा नाही.

"संपते किती वेळात?" मी विचारलं.

"बारा-तेरा सेकंद, मामा. गाडी भारी असेल तर दहा."

चारशे मीटर बघण्यासाठी शंभराहून जास्त किलोमीटर जायचं, हा हिशेब मला पटेना. पण गाडीत मागची सीट रिकामी होती, आणि आमच्या मजल्यावरचे दादा जिन्यात उभे होते.

दादा मूळचे आंबेगाव तालुक्यातले. उभा जन्म माथाडीत आणि घाटकोपरात गेला, पण जीव बैलगाड्यात. गावच्या यात्रेला ते इथे सापडत नाहीत. मे 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यती बंद केल्या, त्यांना डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. मधली साडेसात वर्षं ही शनीची साडेसातीच होती, असं दादा आजही बोटांवर मोजून सिद्ध करतात. "शर्यत आहे" एवढंच कानावर पडलं आणि ते टोपी घेऊन खाली आले. कशाची, ते त्यांनी वाशीच्या पुलावर विचारलं.

एक्सप्रेसवेवर भाचा शंभरच्या मर्यादेत इतका शिस्तीत चालला की दादांना शंका आली, "हाच का तो वेगवाला?" लोणावळ्यात प्रत्येक चिक्कीचं दुकान मूळचं आणि एकमेव होतं. पुढे वीसेक किलोमीटर वळणांचा रस्ता. लायन्स पॉइंटला भाजलेलं कणीस खाणाऱ्या कुटुंबांमधून वाट काढत एकदाचे पोचलो.

आणि मग वाट बघणं सुरू झालं.

ड्रॅग रेसचा प्रेक्षक मुख्यतः वाट बघतो, हे कुठल्याही जाहिरातीत नसतं. गाड्या रांगेत येतात, मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरवून धूर काढतात, पुढे सरकतात, थबकतात, पुन्हा इंचभर सरकतात. मग बारा सेकंद. मग पुन्हा रांग. आजूबाजूची तरुण मंडळी तेवढ्यात रील काढून घेत होती. आम्हाला मात्र काही जड गेलं नाही. घाटकोपरला संध्याकाळी मेट्रोच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला ताटकळण्यात कोण हरवणार?

"टायर का जाळतोय तो?" दादांनी विचारलं.

"रबर तापलं की रस्त्याला चिकटतं, दादा. मग चाक घसरत नाही."

"आम्ही बैलाला पळायच्या आधी दमवत नाही," दादा म्हणाले आणि धूर हाताने बाजूला सारू लागले.

सुटायची खूण दिव्यांच्या खांबावरून होते. अमेरिकेत 1963 पासून हा खांब आहे, आणि रंगीत दिव्यांमुळे तिकडे त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात. पिवळे लागले की तयार, हिरवा लागला की सुटायचं. हिरव्याच्या आधी हललात तर लाल, आणि तुमची शर्यत तिथेच खलास. हा नियम ऐकून मी गार पडलो. घाटकोपरच्या सिग्नलवर तो लावला तर रोज घरी कोण पोचेल? आपल्याकडे दिवा हिरवा व्हायच्या आधी मागच्याचा हॉर्न वाजतो.

पहिली मोठी जोडी सुटली. आवाज कानाने ऐकू येण्याआधी बरगड्यांना कळला. फलकावर आकडा आला: 12.4.

"एवढ्यात आमचा गाडा शर्यतीचा घाट चढतो," दादा म्हणाले. "चार बैल, पुढं घोडी. एकेक गाडा सोडायचा, शर्यत घड्याळाशी."

"पण दादा, तिथं अंतर कमी असतं."

"अन् चढ कोण धरणार?"

भाचा गप्प झाला. मग त्याने अमेरिकेचा आधार घेतला. तिथे 1951 मध्ये स्थापन झालेली एनएचआरए ही संघटना या शर्यती भरवते. सगळ्यात वरच्या वर्गातल्या गाड्या हजार फूट चार सेकंदांच्या आत कापतात, ताशी पाचशे किलोमीटरच्या पुढे जातात. त्यांच्या इंधनाच्या वाफेने डोळ्यांतून पाणी येतं, आणि लोक मुद्दाम ती हुंगायला जवळ जातात. चार सेकंदांसाठी पैसे कोण देईल? म्हणून तिकिटातच पिटमध्ये, म्हणजे गाड्यांच्या गोटात, फिरायची मुभा असते. दोन फेऱ्यांमध्ये इंजिन उघडून पुन्हा जोडतात, ते हातभरावरून बघायला मिळतं.

दादांचा चेहरा उजळला. "म्हणजे दावणीपाशी जाता येतं! मग ठीक आहे. बैल दावणीला बघितल्याशिवाय शर्यतीत काय मजा?"

पुढच्या जोडीची वाट न बघता ते गाड्यांच्या गोटाकडे चालू लागले. तोवर त्यांना एकही गाडी आपली वाटली नव्हती. निवेदक मॉडेल सांगे, हॉर्सपॉवर सांगे, दादा विचारत, "गाव कुठलं?" आता एका जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलपाशी तेलाने माखलेला पोरगा उकिडवा बसला होता. दादांनी विचारलं, "कुणाचा रे तू?" पोरगा मंचरचा निघाला. पाच मिनिटांत दोघांच्यात एक चुलत आत्याही निघाली.

झालं! त्या क्षणापासून आम्ही सगळे त्या मोटरसायकलचे झालो. दादांनी पुढची रांग धरली, ओळख नसलेल्या चार पोरांना मंचरचा महिमा सांगून आपल्या बाजूला वळवलं, आणि दिवा हिरवा होताच यात्रेतल्या निवेदकाच्या थाटात "भिर्रर्रर्र!" अशी आरोळी ठोकली. रील काढणारे फोन मोटरसायकल सोडून दादांकडे वळले. खिशातल्या भंडाऱ्याच्या पुडीकडे त्यांचा हात गेला, तो भाच्याने वेळीच धरला.

मोटरसायकल थोडक्यात हरली. "दिवा चुकला," दादांनी जाहीर केलं. चारही पोरांनी माना डोलावल्या.

परतताना घाटात गाड्यांची रांग लागली. दादा बराच वेळ विचारात होते.

"पहिल्याला काय देतात रे इथं?"

"ट्रॉफी."

"आमच्याकडं चिखलीला बावीस साली जेसीबी ठेवला होता बक्षिसाला." थोडं थांबून म्हणाले, "यांनीही ठेवावा. शर्यत नाही कळली, तर लोक जेसीबी बघायला येतील."