सानगडी ते चंद्र, मार्गे पुनर्वसू

सानगडीहून चंद्रावर थेट गाडी नाही. साकोलीहूनही नाही. त्यामुळे प्रवासाची सगळी तजवीज घरीच करावी लागते, आणि घर म्हटलं की आई आली.

यान माझ्याकडे आहे. ऑर्बिटर नावाचं हे सिम्युलेटर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या मार्टिन श्वायगर यांनी २००० साली बाहेर काढलं आणि जगाला फुकट वाटलं. त्यात शत्रू नाही, गोळीबार नाही, बक्षीस नाही. फक्त गुरुत्वाकर्षण आहे, आणि ते कुणाची भीडभाड ठेवत नाही. एका फाईलीत अक्षांश-रेखांश लिहिले की अवकाशतळ हवा तिथे काढता येतो. केप कॅनव्हरलला आपलं कोण आहे? मी २१ उत्तर, ८० पूर्व असे आकडे भरले आणि सानगडीच्या किल्ल्याच्या शेजारी धावपट्टी आली. ग्रामपंचायतीचा ठरावसुद्धा लागला नाही.

जागा तशी वाईट नाही. सरळ पूर्वेला उडालं की पृथ्वीच्या फिरण्याचा वेग फुकटात मिळतो आणि कक्षेचा कल अक्षांशाएवढा, म्हणजे २१ अंश येतो. चंद्राच्या मार्गाचा विषुववृत्ताशी असलेला कल साधारण १८ ते २८ अंशांमध्ये बदलत असतो, म्हणजे सोयरीक जमण्याजोगी आहे. मात्र खरा अग्निबाण असता, तर नवेगावबांधचे पक्षी उठवत तो छत्तीसगडवर गेला असता आणि त्याची रिकामी नळकांडी कुणाच्या तरी धानात पडली असती. श्रीहरिकोट्याच्या पूर्वेला बंगालचा उपसागर आहे. उपसागर नुकसानभरपाई मागत नाही.

पृथ्वीभोवती फिरायला सेकंदाला ७.८ किलोमीटर वेग लागतो. त्यात आणखी तीनेक किलोमीटरची भर घातली की यान चंद्रापर्यंत पोचतं. अडचण एवढीच, की तोवर चंद्र जागेवर नसतो.

"काहून गा, अजून निघाला नाहीस?" आईने विचारलं.

"मुहूर्त पाहून राहिलो."

"मंग पंचांग पाय ना. आज रोहिणी हाय. तीन दिवसांनं पुनर्वसू."

पडद्यावरचे हिरवे आकडे बराच वेळ जे सांगत होते, ते हेच. नक्षत्रं २७, प्रत्येक १३ अंश २० कलांचं, आणि चंद्राची रोजची चालही साधारण १३ अंशांचीच. म्हणजे दिवसाला एक नक्षत्र. रोहिणी त्याची लाडकी बायको असं पुराण सांगतं, पण लाडकीच्या घरीही त्याचा मुक्काम एकच दिवस. तीन दिवसांचा प्रवास असेल तर नेम पुनर्वसूवर धरायचा, आणि इंजिन पेटवायचं ते पृथ्वीच्या बरोबर उलट बाजूला, पूर्वाषाढा आणि उत्तराषाढा यांच्या सांध्याशी. आमच्याकडे मृगात पऱ्हे टाकतात, एवढाच माझा नक्षत्रांशी संबंध होता. तो एकदम वाढला.

मग आईने दुसरी अट घातली: अधिक महिन्यात जायचं नाही. मी चंद्रयान-३ चा दाखला काढला आणि तो माझ्यावरच उलटला. यान उडालं १४ जुलै २०२३ ला, आषाढात. अधिक श्रावण लागला १८ जुलैला आणि संपला १६ ऑगस्टला. १७ ऑगस्टला, निज श्रावणाच्या पहिल्याच दिवशी, लँडर वेगळा झाला आणि २३ ऑगस्टला, शुद्ध सप्तमीला, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी उतरला. १ ऑगस्टला, भर धोंड्याच्या महिन्यात, यानाने पृथ्वीची कक्षा सोडली होती, हे मी तिच्या नजरेस आणलं.

"ते रस्त्यातलं झालं," आई म्हणाली. "निघालं आधी, पोचलं नंतर."

इस्रोचं गणित अर्थातच वेगळं होतं. लँडर सौरऊर्जेवर चालणारा, चंद्रावरचा दिवस आपल्या चौदा दिवसांचा. तेव्हा उतरायचं ते तिथली सकाळ गाठून. पण चंद्रावर कुठे सकाळ झाली हे ठरतं सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या कोनावरून, आणि त्या कोनाचे बारा बारा अंशांचे तुकडे म्हणजेच तिथी. आईला हे सांगण्याचं मी टाळलं. घरात एकच मिशन डायरेक्टर पुरे.

अखेर निघालो. चंद्राच्या कक्षेत शिरताना वेग कमी करायला इंजिन चालवावं लागतं, आणि अपोलोच्या वाटेने गेलं तर ते चंद्राच्या पाठीमागे. तिथे खऱ्या यानाचा पृथ्वीशी संपर्क तुटतो. माझा तुटला तो विजेशी. लाईन आली तोवर रात्र सरली होती आणि आईने चहा ठेवला होता.

ऑर्बिटर आजही फुकट मिळतं, २०२१ पासून त्याचा कोडही खुला आहे, आणि चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. तुम्हीही जरूर जा. रोवणीच्या दिवसांत मात्र निघू नका, घरच्या वडीलधाऱ्यांना तिथी विचारा आणि इन्व्हर्टर आदल्या दिवशीच चार्ज करून ठेवा.