संगणकातील हिशेबाचा जीर्णोद्धार

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील ज्या गृहस्थांनी आपल्या संसाराचा जमाखर्च लाल कापडी बांधणीच्या चोपडीतून काढून संगणकाच्या स्वाधीन केला आहे, आणि ज्यांस एखाद्या सकाळी तो हिशेब उघडताच सालाबादच्या शिल्लकेऐवजी डेटा बिघडल्याची एक निर्विकार इंग्रजी ओळ तेवढी दृष्टीस पडली आहे, त्यांच्या उपयोगार्थ ही मार्गदर्शिका सिद्ध केली आहे. ज्यांचा हिशेब अद्याप धडधाकट आहे त्यांनीही ती वाचून ठेवण्यास प्रत्यवाय नाही.

प्रथम कर्तव्य म्हणजे काहीही न करणे. हे वाटते तितके सुलभ नाही. कारण अशा प्रसंगी घरातील प्रत्येक व्यक्तीस संगणकशास्त्राचा साक्षात्कार होतो, कोणी यंत्र बंद करून पुन्हा चालू करतो, कोणी तीच फाइल पाच वेळा उघडून पाहतो, आणि पुण्यास अभियांत्रिकी शिकणारा भाचा दूरध्वनीवरून सर्व काही पुसून नव्याने बसविण्याची आज्ञा देतो. पंचनामा होण्यापूर्वी प्रेतास हात लावू नये हा फौजदारी संकेत येथे अक्षरशः पाळावा. बिघडलेली फाइल जशी आहे तशी, तिच्या संपूर्ण फोल्डरासह, पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी, आणि पुढील सर्व प्रयोग त्या नकलेवर करावेत. टॅलीवर घरखर्च ठेवणाऱ्या व्यापारी कुटुंबांनी हे फोल्डर कुळाच्या नावाने शोधू नये; टॅलीच्या दप्तरी घराणे कितीही नामांकित असले तरी त्याची नोंद केवळ क्रमांकानेच होते.

यानंतर निदान. बिघाड फाइलीचा आहे की हिशेबाचा, हे आधी ठरवावे. नोंद लिहिली जात असताना वीज गेली, यूपीएसची बॅटरी गेल्या दिवाळीपूर्वीच निवर्तली होती, आणि फाइल अर्धवट राहिली, तर तो बिघाड फाइलीचा. ग्नूकॅश ही आज्ञावली वापरणाऱ्यास ‘दुसऱ्या कोणी ही फाइल उघडली आहे’ असा इशारा मिळाला, तर मात्र तो बिघाडही नव्हे. वीज जाताना मागे राहिलेली कुलूपाची छोटी फाइल तेवढी शेजारी पडलेली असते. आपल्या पश्चात चिरंजीव हिशेब पाहतात असा ग्रह करून घेऊन घरात चौकशी बसविण्यापूर्वी एवढे पाहावे.

हिशेबाचा बिघाड याहून सूक्ष्म. बँकेचा उतारा एक्सेलमध्ये उघडून तेथून आयात करण्याचा जो प्रघात पडला आहे, त्यात संगणकाची तारीखपद्धती अमेरिकन असेल, तर दिवस व महिना यांची अदलाबदल होते. आणि ज्या प्राथमिक शिक्षकाचा पगार दरमहा १ तारखेस जमा होतो, त्यास वर्षाचे बाराही पगार जानेवारीच्या पहिल्या बारा दिवसांत मिळून पुढील अकरा महिने तो निर्वेतन राहिल्याचे दिसते. तेराव्या तारखेपासून पुढे अदलाबदल होऊ शकत नाही, कारण तेरावा महिना अमेरिकेतही नाही. त्या नोंदी नुसते अक्षर म्हणून पडून राहतात. यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक त्याच एक्सेलात दशांशचिन्ह व घातांक धारण करून वैज्ञानिक होतो, आणि खाते क्रमांकाच्या आरंभीची शून्ये निमूटपणे गळतात. श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या फाँटात खात्यांची नावे लिहिणाऱ्यांस नव्या संगणकावर दूधवाला, किराणा व देवस्थान ही तिन्ही खाती एकाच अगम्य रोमन लिपीत आढळतील. तेथे फाइल शाबूत असून केवळ फाँट गैरहजर आहे असे समजावे, आणि ती अक्षरे युनिकोडमध्ये परिवर्तित करून घ्यावीत.

या प्रांतात मात्र बिघाडाचे एक कारण असे आहे की ज्याचा उल्लेख कोणत्याही आज्ञावलीच्या साहाय्यपुस्तिकेत सापडणार नाही, आणि ते म्हणजे इतिहास. निझामी अमदानीत येथील हिशेब हाली सिक्क्यात चाले, सात हाली म्हणजे सुमारे सहा कलदार, अर्थात इंग्रजी रुपये, असा हिशेबाचा भाव असे, सन फसली असे म्हणजे इसवी सनाहून ५९० वर्षे मागे, दरबारी कागद उर्दूत आणि सावकाराची वही मोडीत. सप्टेंबर १९४८ मध्ये राज्य गेले तरी हाली रुपया १९५९ पर्यंत चलनात रेंगाळला. तेव्हा ज्या मुनिमांनी त्या अकरा वर्षांत दोन नाण्यांची रोजकीर्द एका खतावणीत उतरविली, त्यांस डेटा आयात करणे म्हणजे काय हे कोणी शिकविण्याची आवश्यकता नव्हती. पुढे नाणे स्थिरावले, तर बँका हलू लागल्या. १९४१ साली स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक १९५६ मध्ये स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली, आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली; शाखा तीच, रांगही तीच, परंतु आयएफएससी संकेतांक बदलले, आणि आज्ञावलीने बँकेवरून खाते ओळखण्याची जी सवय लावून घेतली होती ती मोडून एकाच पेन्शनीची दोन खाती उभी राहिली, एक दिवंगत बँकेतील व एक हयात बँकेतील. नांदेडास मुख्य कचेरी असलेली मराठवाडा ग्रामीण बँक २००९ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली, ती बँक २०२५ मध्ये विदर्भ-कोकणच्या ग्रामीण बँकेशी एकवटली, आणि नाव पुन्हा महाराष्ट्र ग्रामीण बँक असेच राहिले, ही त्यातल्या त्यात हिशेबनिसावर झालेली कृपा होय. अशा ठिकाणी जुने खाते पुसून टाकण्याचा मोह आवरावा. त्याची अखेरची शिल्लक विलीनीकरणाच्या तारखेस नव्या खात्यात वर्ग करावी व जुने बंद म्हणून ठेवावे, म्हणजे ती रक्कम दोनदा मोजली जाऊन गृहस्थ आपल्या ऐपतीविषयी गैरसमजात राहणार नाही.

आता उपचार. टॅलीच्या ईआरपी ९ या आवृत्तीत कंट्रोल, ऑल्ट व आर या तीन कळा एकदम दाबल्या असता डेटा पुन्हा लिहिला जातो. ग्नूकॅशमध्ये ‘तपासा व दुरुस्त करा’ अशा अर्थाची सोय आहे. या दोहोंविषयी जनमानसात जी श्रद्धा आहे ती पाहता एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे: ही दुरुस्ती मेळ घालते, सत्य शोधीत नाही. टॅलीस जी नोंद वाचता येत नाही ती गळून जाण्याचा संभव असतो, आणि उरलेला हिशेब मोठ्या प्रसन्नतेने उघडतो. ग्नूकॅश त्या मानाने प्रामाणिक. ज्या नोंदीची दुसरी बाजू जुळत नाही तिच्यासाठी ते ‘असंतुलन’ आणि जिचे खातेच नाहीसे झाले तिच्यासाठी ‘अनाथ’ अशा अर्थाची दोन खाती स्वतःहून उघडते. जुने मुनीम याच कामासाठी उचंत खाते ठेवीत, आणि शेठजींनी त्यात फार खोल पाहू नये अशी व्यवस्थाही ठेवीत.

तेव्हा मेळ बसल्यावर पुरावा काढावा. ग्नूकॅश प्रत्येक वेळी जतन करताना तारीख-वेळ घातलेली एक जुनी प्रत शेजारी ठेवते. त्यांतील मधली उघडून पाहावी, ती बरोबर असेल तर पुढल्या अर्ध्यातील मधली, चूक असेल तर मागल्या अर्ध्यातील, या रीतीने बिघाडाचा दिवस थोड्या फेऱ्यांत हाती लागतो. त्या दिवसानंतरच्या नोंदी सोबतच्या लॉग फाइलींतून पुन्हा चालवून घेता येतात. मग पासबुक घ्यावे, आणि एका वेळी एकाच महिन्याची अखेर जुळवावी. शेतीचे उत्पन्न असणाऱ्यांनी पासबुकावर विसंबू नये. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन घातल्यावर गावी सांगितला जातो तो भाव, आडत्याच्या पट्टीवर असते ती हमाली, तोलाई व पेरणीच्या वेळची उचल वजा जाऊन उरलेली रक्कम, आणि बँकेत जमा होते ती, हे तीन निरनिराळे आकडे असतात. हिशेबात पहिला आकडा लिहून बँकेत तिसऱ्याची वाट पाहणाऱ्या इसमाने आज्ञावलीस दोष देणे न्याय्य नव्हे. पट्टी तारेत ओवून ठेवलेली असेल तर ती काढून कपातीची प्रत्येक रक्कम स्वतंत्र खात्यावर लिहावी. ज्या घरात गृहिणी दिनदर्शिकेवर दूध, गॅस व भिशी यांची टिपणे करते, तेथे ती दिनदर्शिका सर्वश्रेष्ठ प्रमाण मानावी आणि तीविषयी वाद घालू नये.

इतके करूनही दोन-चारशे रुपयांचा फरक उरतो. तो कुटुंबप्रमुखाच्या चहा-पानाच्या खात्यावर नावे टाकावा. त्यांनी हरकत घेतल्यास तपशील मागावा, हरकत मागे घेतली जाते. परंतु दुरुस्तीनंतर शिल्लक पूर्वीहून घसघशीत वाढलेली दिसली, तर मूळ नकलेवरून सर्व विधी प्रारंभापासून पुन्हा करावा, आणि तो पूर्ण होईतो ही आनंदवार्ता मेहुण्याच्या कानी जाऊ देऊ नये. कारण दुरुस्तीत गळालेली नोंद बहुधा त्याच्याच हातउसन्याची असते.